ऐपत आहे, पण दाखवणार कशी?

नाताळ दोन दिवसांवर आला असताना, 23 डिसेंबर 2016 रोजी, ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एका विद्यमान खासदाराला दिवाळखोर ठरवलं. रॉड कलटन हे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे सेनेटर. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पॉलीन हॅन्सन यांच्या वन नेशन पक्षातर्फे निवडून आलेले आणि काही दिवसांपूर्वीच पक्षाशी बिनसून बाहेर पडलेले. त्यांच्यावर 2013 सालच्या एका हुकूमनाम्याचं देणं होतं. व्याजासकट सुमारे 2 लाख 80 हजार डॉलर. आपण नादार नाही, देणी फेडायला समर्थ आहोत, असं कलटन ठासून सांगत होते. कोर्टाचं त्याने समाधान झालं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या 44व्या कलमाप्रमाणे दिवाळखोरीतून न सुटलेल्या माणसाला संसदेत बसता येत नाही. 11 जानेवारीला सेनेटच्या अध्यक्षांनी जागा रिकामी झाल्याचं कळवलं आणि 3 फेब्रुवारी 2017 रोजी अपीलही फेटाळलं गेलं. (योगायोग असा की त्याच दिवशी हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एका वेगळ्याच कारणासाठी त्यांची निवडणूक मुळातच अवैध ठरवली. ते कारण म्हणजे एका टो-ट्रकची साडेसात डॉलरची किल्ली चोरल्याबद्दल दोषी ठरणं. पण ती गोष्ट निराळी.)

‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणणाऱ्याला कोर्ट दिवाळखोर कसं ठरवतं? दिवाळं वाजलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुलूप लागलेली पेढी येते, हात वर केलेला माणूस येतो. ऑस्ट्रेलियाचा 1966 सालचा बँकरप्सी अ‍ॅक्ट मात्र धनकोला, म्हणजे येणेकऱ्याला, ‘हा माणूस कफल्लक आहे’ असं सिद्ध करायलाच सांगत नाही. त्याने दुसरंच काहीतरी सिद्ध करायचं असतं, आणि ते फारच सोपं आहे.

त्याची रीत अशी. धनकोच्या हातात कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा असतो. रक्कम 10 हजार डॉलर किंवा त्याहून जास्त असेल, तर तो ऑफिशियल रिसिव्हर या सरकारी अधिकाऱ्याकडून बँकरप्सी नोटीस काढून घेऊ शकतो. 2020च्या आधी ही मर्यादा 5 हजार होती, कोविडच्या काळात ती तात्पुरती 20 हजारांवर नेली होती आणि 1 जानेवारी 2021 पासून 10 हजारांवर स्थिरावली. नोटीस हातात पडल्यापासून साधारण 21 दिवसांत ऋणकोने पैसे भरायचे, तडजोड करायची किंवा नोटीस रद्द करून घ्यायला कोर्टात जायचं. यातलं काहीच केलं नाही, तर मुदत संपताक्षणी त्याच्या हातून कायद्याच्या भाषेत ‘दिवाळखोरीचं कृत्य’ घडतं. त्याच्या बँकेत त्या दिवशी कोटभर डॉलर पडून असले तरी घडतं. गप्प बसणं हेच ते कृत्य.

पुढचे सहा महिने धनकोला दिवाळखोरीचा अर्ज करायला मोकळे. सुनावणीत त्याने तीन गोष्टी दाखवायच्या: अर्जातला मजकूर खरा आहे, अर्ज ऋणकोला रीतसर बजावला आहे आणि देणं अजून फिटलेलं नाही. बहुतेक वेळा हे सगळं दोन-चार प्रतिज्ञापत्रांत उरकतं. रजिस्ट्रारपुढे अशा अर्जांची रांग असते आणि समोरून कोणी उभं राहिलं नाही तर एकेक प्रकरण काही मिनिटांत निघतं. एवढं दाखवलं की आदेश मिळणं हा धनकोचा प्रथमदर्शनी हक्क, असं हायकोर्टाने 1930च्या दशकापासून सांगून ठेवलं आहे.

इथे कायद्याचं 52वं कलम ऋणकोच्या मदतीला येतं. त्याच्या दुसऱ्या उपकलमात दोन दारं आहेत. आपण आपली देणी फेडू शकतो, असं ऋणकोने कोर्टाला पटवलं, तर कोर्ट अर्ज फेटाळू शकतं. किंवा आदेश देऊ नये असं दुसरं पुरेसं कारण असेल, तरीही फेटाळू शकतं. पहिलं दार सधन ऋणकोचं. आत शिरायचं तर पुरावा ऋणकोनेच आणायचा. धनकोला त्याच्या खिशात काय आहे हे कसं कळणार? ज्याची वही त्यानेच ती उघडून दाखवावी, हा त्यामागचा हिशोब. मला तो रास्त वाटतो, पण त्याचे चटके बसतात ते फार वेगळ्या माणसांना.

कारण ‘फेडू शकतो’ याचा अर्थ ‘मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त आहे’ असा नाही. जी देणी ज्या वेळी भरायची आहेत, ती सगळी त्या त्या वेळी भरता आली पाहिजेत, अशी व्याख्या कायद्याच्या पाचव्या कलमातच आहे. ‘सगळी’ या शब्दावर जोर आहे. अर्ज करणाऱ्या धनकोचे पैसे चुकते करू शकतो, एवढ्याने भागत नाही. शिवाय आजच्यापुरतं पाहून चालत नाही. लवकरच भरायची वेळ येणारी देणीही धरावी लागतात, हे हायकोर्टाने 1907 सालीच सांगितलं होतं. पण उलट बाजूनेही कायदा तितका कोरडा नाही. 1966च्या सँडेल विरुद्ध पोर्टर या निकालात सरन्यायाधीश सर गारफील्ड बार्विक यांनी जी कसोटी मांडली, ती आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असते. ऋणकोचा स्वतःचा पैसा म्हणजे फक्त हातातली रोकड नव्हे. मालमत्ता विकून, गहाण ठेवून किंवा तारण देऊन तुलनेने थोड्या काळात जो पैसा उभा करता येईल, तोही त्याचाच. सगळी लढाई या ‘थोड्या काळात’वर होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणारा एक नोकरदार. घराची किंमत 9 लाख 50 हजार डॉलर, त्यावर बँकेचं कर्ज 4 लाख. एका कंत्राटदाराशी झालेल्या वादात तो हरला आणि 18 हजारांचा हुकूमनामा झाला. प्राप्तिकराचे 35 हजार थकले आहेत आणि क्रेडिट कार्डावर 9 हजार. बँकेत शिल्लक 6 हजार. घरकर्जाचा हप्ता आणि घरखर्च जाऊन महिन्याकाठी दीड हजार मागे पडतात. कागदावर हा माणूस जवळजवळ पाच लाखांचा धनी आहे. पण आज भरायचे आहेत 62 हजार आणि हातात आहेत 6. उरलेले 56 हजार महिन्याच्या बचतीतून फेडायचे तर तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. सुनावणीच्या दिवशी तो उभा राहून म्हणाला, ‘साहेब, वेळ आली तर घर विकीन’, तर अर्जाला त्याचा विरोध टिकणं कठीण. ‘वेळ आली तर’ म्हणजे कधी? विक्रीला काढलंय का? एजंटशी करार झालाय का? घर बायकोच्याही नावावर असेल, तर तिची संमती आहे का?

आता त्याच माणसाच्या हातात एक कागद द्या: घरावर आणखी 80 हजारांचं कर्ज मंजूर झाल्याचं बँकेचं पत्र. ‘विचाराधीन’ असं नव्हे, मंजूर. चित्र एका क्षणात बदलतं. किंवा घर विकल्याचा सही झालेला करार, ताबा सहा आठवड्यांनी. मालमत्ता तीच, देणी तीच, कोर्टाचं उत्तर मात्र उलटं. कलटन यांच्यासारखे लोक आणि हा नोकरदार यांच्यात संपत्तीचा फरक कितीही असो, दोघांची अडचण एकाच जागी येते. ऐपत सुनावणीच्या दिवशी कागदावर दिसली पाहिजे.

तिथे काय चालतं आणि काय चालत नाही, हे आता बऱ्यापैकी ठरून गेलं आहे. कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या खटल्यांतून आलेला एक संकेत व्यक्तींच्या बाबतीतही वापरला जातो: आर्थिक स्थितीचा सर्वांत पूर्ण आणि सर्वांत चांगला पुरावा कोर्टासमोर आला पाहिजे. ‘माझ्या मते घराची किंमत एवढी’ हे चालत नाही. पात्र मूल्यांककाचा अहवाल लागतो. मित्राचं ‘मी मदत करीन’ असं मोघम पत्र चालत नाही. मित्राकडे पैसे आहेत आणि तो ते अमुक तारखेला देणार आहे, हे दिसावं लागतं. एखादा दावा कोर्टात चालू आहे, तो जिंकलो की लाखो मिळतील, हे बहुधा चालत नाही. निवृत्तीसाठी साचलेला सुपरॅन्युएशनचा फंड कितीही फुगलेला असो, ठरावीक वयापर्यंत त्याला हात लावता येत नसेल, तर तो ऐपतीत धरता येत नाही. देण्यांची यादी तर सगळ्यांत आधी तपासली जाते. एखादं देणं लपवलं आणि उलटतपासणीत ते बाहेर आलं, की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

ऑस्ट्रेलियात आता हजारोंनी मराठी घरं आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा पुण्यात किंवा ठाण्यात एखादा फ्लॅट असतो. तो ऐपतीत धरायचा का? तत्त्वतः हो. त्या कायद्यात मालमत्तेची व्याख्या देशाच्या सीमेपाशी थांबत नाही. पण फ्लॅट भाऊ-बहिणींच्या सामायिक नावावर असेल, सोसायटीच्या ना-हरकतीचा घोळ असेल किंवा वारसनोंद व्हायची राहिली असेल, तर ‘थोड्या काळात’ची अट तिथेच अडखळते. विक्री झाली तरी कर भरून, अनिवासी भारतीयाच्या खात्यातून, वर्षाला दहा लाख अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत पैसे बाहेर पाठवण्याची कागदपत्रं जमवावी लागतात. उद्या दिवाळखोरीचा आदेश झालाच, तर हाच फ्लॅट दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या ट्रस्टीच्या यादीत जाईल, कारण व्याख्या दोन्हीकडे तीच. सोडवायला न धावलेली मालमत्ता बुडवायला मात्र हजर असते.

आता अवघड प्रश्न. ऐपत आहे हे निर्विवाद आहे, पण माणूस हट्टाने देत नाही. निकाल चुकीचा आहे, धनको लबाड आहे, एक दमडी देणार नाही. याच्याविरुद्धचा अर्ज फेटाळावा का? देण्याची इच्छा नसणं म्हणजे देण्याची क्षमता नसणं नव्हे; म्हणजे पहिलं दार त्याला उघडं आहे. पण कलमात ‘फेटाळू शकतं’ असं म्हटलंय, ‘फेटाळेल’ असं नाही. दार उघडं असलं तरी आत घ्यायचं की नाही हे न्यायाधीश ठरवतो, आणि ऋणकोचं आजवरचं वागणं त्याच्यासमोर असतं. दिवाळखोरीची प्रक्रिया ही एका धनकोच्या वसुलीसाठी नाही, ती सगळ्या धनकोंसाठी आणि समाजासाठी आहे, हे तत्त्व इथे दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. ऋणकोचा वकील म्हणतो, माझा अशील सधन आहे, वसुली हवी तर जप्ती आणा, पगारातून कापून घ्या, दिवाळखोरी कशाला? धनकोचा वकील म्हणतो, सगळं करून पाहिलं, हा माणूस हुकूमनाम्याला जुमानत नाही. माझ्या मते पहिल्या वकिलाची बाजू मुळात जास्त सशक्त आहे. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून वसूल करायला दुसरी हत्यारं असताना दिवाळखोरीचा बडगा उगारणं हे त्या कायद्याच्या गैरवापराच्या काठावर असतं. पण महिनोन् महिने नोटिशीला उत्तर न देणाऱ्याची कड घेणंही न्यायाधीशाला सोपं नसतं.

शेवटच्या क्षणी पैसे घेऊन कोर्टात आलो तर सुटलो, असंही नाही. धनको ते नाकारू शकतो, आणि त्याला कारण आहे. उद्या दुसऱ्या कुणाच्या अर्जावर हाच माणूस दिवाळखोर ठरला, तर इतर धनकोंना डावलून एकाला दिलेली रक्कम ट्रस्टी परत मागू शकतो. म्हणून चतुर धनको विचारतो, हे पैसे कुणाचे? त्रयस्थ नातेवाइकाने स्वतःच्या खात्यातून भरले तर तो निश्चिंतपणे घेतो. अर्ज दाखल झाल्यावर तो मागे घ्यायलाही कोर्टाची परवानगी लागते, आणि एकाने माघार घेतली तर दुसऱ्या धनकोला त्याच्या जागी उभं करता येतं. ‘सगळी देणी’ असं कायदा म्हणतो ते उगीच नाही.

दुसऱ्या दाराबद्दल थोडक्यात. हुकूमनामाच संशयास्पद असेल, तर दिवाळखोरीचं कोर्ट त्याच्या मागे जाऊन खरंच देणं होतं का हे पाहू शकतं. रामसे हेल्थ केअर या रुग्णालय कंपनीच्या 2017 सालच्या खटल्यात हायकोर्टाने ते पुन्हा स्पष्ट केलं. सधन ऋणकोचा वकील बहुधा दोन्ही दारं ठोठावतो: मी देऊ शकतो, आणि मी मुळात देणं लागतच नाही. हे एका दमात म्हणणं थोडं विचित्र वाटतं, पण कायद्याला त्याचं वावडं नाही.

ही शब्दरचना ऑस्ट्रेलियाची स्वतःची नाही. ती इंग्लंडच्या 1883 सालच्या दिवाळखोरी कायद्यातून आली, आणि तिथून ती मुंबईतही पोचली. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता शहरांसाठी केलेल्या 1909 सालच्या प्रेसिडेन्सी टाउन्स नादारी कायद्यात आणि बाकीच्या मुलखासाठी केलेल्या 1920 सालच्या प्रांतिक नादारी कायद्यात जवळपास हेच वाक्य आहे: ऋणकोने आपण देणी फेडू शकतो असं पटवलं, किंवा दुसरं पुरेसं कारण असलं, तर अर्ज फेटाळायचा. फरक एवढाच की भारतीय कायद्याने न्यायाधीशाला निवडीची मुभा ठेवली नाही. पटलं की फेटाळलाच पाहिजे. वसाहतीतल्या न्यायाधीशांवर लंडनचा तेवढा भरवसा नसावा, असा माझा अंदाज आहे, पुरावा काही नाही.

ऐपत असताना थकवणाऱ्याचा हा वाद आपल्याकडे नव्या कपड्यांत परत आला तो 2022 मध्ये, आणि तोही विदर्भातून. नागपूरजवळच्या बुटीबोरीतला वीजप्रकल्प चालवणाऱ्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर या कंपनीविरुद्ध अ‍ॅक्सिस बँकेने 553 कोटींसाठी दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीचं म्हणणं होतं, विजेसंबंधीच्या अपील न्यायाधिकरणाच्या निकालाप्रमाणे आम्हाला 1,730 कोटी येणं आहे. वीज नियामक आयोगाचं त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयात अडकलंय म्हणून हातात पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 12 जुलै 2022 रोजी सांगितलं, की कर्ज आणि थकबाकी सिद्ध झाली तरी दिवाळखोरीचं न्यायाधिकरण अर्ज दाखल करून घेईलच असं नाही. परिस्थिती पाहून ते नाकारू शकतं. बँकांच्या पोटात गोळा आला. वर्षभरातच त्याच न्यायालयाने कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात तो निकाल त्या प्रकरणाच्या वस्तुस्थितीपुरता मर्यादित केला. दोन देश आणि दोन वेगळे कायदे, एक व्यक्तींचा आणि एक कंपन्यांचा. गाठ मात्र एकाच जागी बसलेली: थकवलं म्हणजे बुडालं असं धरायचं का?

सिडनी-मेलबर्नमध्ये या गाठीत खरे अडकतात ते मोठे लोक नसतात. इमारतीच्या देखभालीची वर्गणी थकवलेले घरमालक, वृद्ध विधवा, पत्रं न उघडणारे आजारी लोक असतात. घर असतं, पैसे उभे करता आले असते, पण सुनावणीला कोणीच गेलेलं नसतं. आदेश झाला की घर ट्रस्टीच्या ताब्यात जातं, परदेशी जायला त्याची परवानगी लागते आणि साधारण तीन वर्षं आणि एक दिवस ही अवस्था चालते. आदेश रजिस्ट्रारने दिला असेल, तर ठरलेल्या मुदतीत न्यायाधीशाकडे फेरविचार मागता येतो, आणि तिथे सुनावणी नव्याने होते. म्हणजे आधी न दाखवलेला बँकेचा कागद आता दाखवता येतो. ती मुदत गेली, तर आदेश मुळातच द्यायला नको होता असं दाखवून दिवाळखोरी रद्द करून घेता येते, किंवा सगळी देणी फेडून. पण त्या ‘सगळी’मध्ये आता व्याज, अर्जदाराचा खर्च आणि तासाच्या दराने काम करणाऱ्या ट्रस्टीचं बिलही आलेलं असतं. मूळच्या 15 हजारांच्या देण्याला ते बिल मागे टाकतं, हे काही क्वचित घडत नाही. रद्द झाली तरी राष्ट्रीय नादारी नोंदवहीतून नाव पुसलं जात नाही. रद्द झाल्याची नोंद फक्त शेजारी लागते.

म्हणून वकील सांगतात ते एवढंच: सुनावणीच्या किमान तीन दिवस आधी विरोधाची नोटीस आणि प्रतिज्ञापत्र दाखल करा, आणि त्याला मूल्यांकन, बँकेची विवरणपत्रं आणि देण्यांची पूर्ण यादी जोडा. हे सगळं नीट झालं आणि अर्ज फेटाळला गेला, तरी धनकोच्या वकिलाचा खर्च बऱ्याचदा ऋणकोच्याच माथी मारला जातो, कारण ऐपत असून त्याने वेळेवर पैसे दिले नाहीत म्हणूनच तर कोर्टात यावं लागलं. तो खर्च 10 हजारांच्या वर गेला आणि त्यानेही तो थकवला, तर त्या खर्चाच्या आदेशावर नवी बँकरप्सी नोटीस काढता येते.